विडीची मजुरी वसूल करून देणाऱ्या यंत्रणेला पैसा कोण देणार? (सोलापूर)

पूर्वभाग (धागाकर्ती)

विडी कामगारांसाठी सरकार काय करतं असं विचारलं की आपल्याकडे लगेच घरकुलं दाखवली जातात, आणि ती दाखवण्यासारखी आहेतच. गोदूताई परुळेकर वसाहतीतली दहा हजार घरं 2006 मध्ये मनमोहन सिंग यांच्या हस्ते मिळाली. सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रे नगरमधल्या तीस हजारांपैकी पहिली 15,000 घरं 19 जानेवारी 2024 ला मोदींच्या हस्ते दिली गेली. माकपचे नेते नरसय्या आडम (आडम मास्तर) आणि लाल बावटा युनियननं त्यासाठी किती वर्षं मोर्चे काढले ते सोलापूरच्या पूर्वभागात, म्हणजे विडी-यंत्रमाग कामगारांच्या तेलुगूभाषक वस्तीत, कुणालाही विचारा. माझी मावशी अशाच एका घरात राहते आणि त्या घरानं तिचं म्हातारपण सुसह्य केलंय.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. त्याच घरातल्या बाईला हजार विड्यांची मजुरी कायद्याप्रमाणे मिळते की नाही, हे बघायला जो माणूस लागतो त्याच्यावर सरकार किती खर्च करतं?

ज्यांना विडीचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाई घरी विड्या वळते आणि माल द्यायला कारखान्यात जाते. चेकर पंचवीसच्या जुडीतली विडी उचलतो, दोन बोटांत दाबतो, तोंड बघतो. बारीक आहे, पोकळ आहे, पान फाटकं आहे असं म्हणत बाजूला टाकतो. ही छाट. छाटीतल्या विड्या बाईला परत मिळत नाहीत आणि त्यांची मजुरीही मिळत नाही. कारखान्यानं विडीचं पान आधीच तोलून कमी दिलेलं असतं, त्यातलं थोडं किडकं निघतं. हजाराचा आकडा भरायला ती पदरचे पैसे घालून बाजारातून पान आणते. त्यावर कार्डात नोंद कमी विड्यांची, म्हणजे पीएफही तेवढाच कमी. आमच्या गल्लीतल्या बायकांची कार्डं आणि पीएफचे उतारे शेजारी ठेवून बघितले की हे उघड दिसतं.

यासाठी कायदा नाही असं मुळीच नाही. 1966 चा विडी-सिगार कामगार कायदा आणि त्याखालचे महाराष्ट्राचे नियम यांत साफ लिहिलं होतं की साधारणपणे 5 टक्क्यांपेक्षा जास्त छाट काढायची नाही, आणि कामगाराचा मुद्दाम हलगर्जीपणा नसेल तर छाटीच्या विड्यांनाही निम्मी मजुरी द्यायची. मालक मंडळी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1974 ला न्यायालयानं कायदा उचलून धरला. घरी बसून वळणाऱ्या बाईला पीएफ लागू आहे हेही 1985 ला ठरलंय. इतक्या वर्षांनी आमच्या आईच्या पिढीतल्या किती जणींना छाटीची निम्मी मजुरी कधी हातात पडली? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांना असा नियम होता हेच माहीत नाही.

आता पैशाचं बघा. विडीवर उपकर होता, शेवटी हजारामागे 5 रुपये. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांना अनुदान असं चालायचं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि उपकर गेला. आता कल्याणाचा पैसा केंद्राच्या अर्थसंकल्पातून येतो, जेवढा येईल तेवढा. पण उपकर होता तेव्हासुद्धा तो कल्याणासाठी होता. कारखान्यात जाऊन छाट मोजणं, पान तोलून बघणं, कार्ड आणि वही ताडून बघणं हे काम राज्याच्या कामगार खात्याचं. त्या खात्याकडे माणूस नाही, गाडी नाही, म्हणून ते होत नाही.

शिष्यवृत्ती मागायला आपण सगळे जातो, पुढारीही येतात. निरीक्षकाचं पद भरा, त्याला प्रवासभत्ता द्या अशी मागणी घेऊन कुणी मोर्चा काढलाय का? माझं म्हणणं आहे की सोलापुरातून आता हीच मागणी व्हायला हवी, आणि आकड्यांसकट. जाणकारांनी लिहावं.

साईबाबाचौक

ताई, अगदी मनातलं लिहिलंत. आमच्या घरी तीन पिढ्या विडी. छाट हा शब्द ऐकला की आजही पोटात गोळा येतो. आजी माल देऊन घरी आली की तिच्या चेहऱ्यावरूनच कळायचं किती छाट निघाली.

भीमाकाठ

मी कामगार खात्यातून निवृत्त झालोय. सोलापुरात नाही, दुसऱ्या जिल्ह्यात होतो, पण चित्र सगळीकडे सारखंच. धागाकर्तीनं बोट बरोबर ठिकाणी ठेवलंय, म्हणून आतून ते कसं दिसतं ते सांगतो.

लोकांना वाटतं निरीक्षण म्हणजे कारखान्यात जाऊन चहा पिऊन येणं. मजुरी कमी दिली हे सिद्ध करायचं तर हजेरी, पगारपत्रक, दिलेला कच्चा माल, घेतलेला पक्का माल हे सगळं ताडून बघावं लागतं. कामगारांचे जबाब घ्यावे लागतात, तेही मालकाच्या माणसासमोर नाही, घरी जाऊन, संध्याकाळी. पूर्वभागात ते तेलुगूतून घ्यावे लागतील. मग अहवाल, नोटीस, खुलासा, दावा, तारखा. एका कारखान्याचं काम नीट करायचं तर आठवडे जातात.

आणि हे करणाऱ्याच्या टेबलावर दुसरं काय काय असतं? संप-टाळेबंदीच्या समेटाच्या बैठका. बांधकाम कामगारांची नोंदणी, त्यांची 90 दिवस काम केल्याची प्रमाणपत्रं, गृहोपयोगी संचासाठी सकाळपासून लागलेली रांग. निवडणूक आली की निवडणुकीची ड्यूटी. मंत्रालयातून तातडीनं मागवलेली माहिती. सोलापूर जिल्ह्यात 11 तालुके. करमाळ्याला किंवा माळशिरसला जायचं तर एका बाजूनं शंभर किलोमीटरच्या वर. सरकारी गाडी नसेल तर एसटीनं जायचं, बिल लावायचं आणि पैसे कधी येतात त्याची वाट बघायची. माझे सहकारी स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून तपासणीला जायचे, अशी माणसं मी बघितली आहेत. पण खात्याचा कारभार त्यांच्या खिशावर चालवायचा का?

आपल्या देशानं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 81 क्रमांकाचा करार 1949 ला मान्य केलाय. कामगार निरीक्षणाचाच करार आहे तो. निरीक्षकांची संख्या पुरेशी हवी, त्यांना सुसज्ज कार्यालय हवं, सार्वजनिक वाहन नसेल तिथे प्रवासाची सोय हवी, प्रवासखर्च परत मिळायला हवा असं त्यात कलमवार लिहिलंय. पूर्वसूचना न देता कुठल्याही वेळी आत जाण्याचा अधिकारही. म्हणजे निरीक्षकाच्या प्रवासखर्चाची हमी आपण 1949 सालीच जगाला देऊन बसलोय. माणसांचा ढोबळ मापदंडही त्या संघटनेनं दिलाय. औद्योगिक देशांत दर 10,000 कामगारांमागे एक निरीक्षक, आणि अगदी मागास देशांतही 40,000 मागे एक. आपल्या जिल्ह्यातले विडी, यंत्रमाग, गारमेंट, बांधकाम, साखर कारखाने, हॉटेलं धरून कामगार मोजा आणि कार्यालयात फिरतीवर जाणारी माणसं किती ते विचारा.

टॉवेलवाला

मी यंत्रमागधारक आहे, अक्कलकोट रोडला माझा छोटा कारखाना आहे. मालकाची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. राग मानू नका.

निरीक्षक वाढवा म्हणताय, पण ते येतात कुणाकडे? ज्याच्या दारावर पाटी आहे, ज्याची नोंदणी आहे, जो पीएफ भरतो त्याच्याकडेच. एका वहीत सही राहिली, एक तक्ता भिंतीवर लावलेला नाही, एवढ्यावरून मला तासन् तास बसवून ठेवलेलं आहे. माझ्याच रांगेत पुढे माग चालतात, पाटी नाही, नोंद नाही, तिकडे कुणी ढुंकून बघत नाही. सुताचा भाव रोज बदलतो, विजेचं बिल येतं ते येतंच. त्यात ही धास्ती. संगणकानं चिठ्ठी काढून तपासणी ठरवायची पद्धत आली तेव्हा आम्हाला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं सांगतो.

पूर्वभाग

@टॉवेलवाला दादा, राग कशाला. तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तुमच्या रांगेतला बिननोंदणीचा कारखाना मजुरी बुडवून टॉवेल स्वस्तात विकतो, त्याचा मार तुम्हालाच बसतो ना? निरीक्षक तुमच्याकडेच येतो कारण तुमचा पत्ता त्याच्याकडे आहे. पाटी नसलेला कारखाना शोधायचा तर गल्लीबोळ फिरावे लागतात, रात्रपाळीत जावं लागतं, त्याला वेळ आणि माणूस लागतो. खात्याला पैसा कमी असला की सोपी तपासणी होते, आणि सोपी तपासणी म्हणजे तुमची.

टॉवेलवाला

हे पटलं. पण पैसे देऊन आणलेला निरीक्षक पुन्हा माझ्याकडेच येऊन बसला तर?

भीमाकाठ

@टॉवेलवाला, शंका रास्त आहे. खात्यात सगळे धुतल्या तांदळासारखे नव्हते, मी बघितलंय. पण एकटा माणूस, एकटाच जातो, एकटाच ठरवतो आणि वर कुणी फाइल उघडत नाही, तिथे ती कीड लागते. दोघांनी मिळून जायचं, कामगारांचे जबाब स्वतंत्र घ्यायचे, अहवाल ठरलेल्या मुदतीत चढवायचा, वरिष्ठांनी त्यातले काही पुन्हा जाऊन पडताळायचे. यातल्या प्रत्येक गोष्टीला आणखी माणसं लागतात. चिठ्ठी काढणारा संगणक कुठल्या कारखान्यात जायचं ते सांगेल, पण तोही नोंदणी झालेल्या यादीतूनच चिठ्ठी काढतो. तुमच्या पुढचा बिनपाटीचा कारखाना त्या यादीतच नाही.

अंदाजपत्रक

आकडे काढायचे कसे ते सांगतो, कारण बहुतेक जण इथेच अडतात. राज्याच्या अर्थसंकल्पात कामगार खात्याचा खर्च 2230 या प्रधान शीर्षाखाली असतो. त्यात औद्योगिक संबंध, कामाची परिस्थिती व सुरक्षितता, कामगार कल्याण अशी गौण शीर्षं आहेत. त्याखाली उद्दिष्ट शीर्षं, म्हणजे पैसा कशावर खर्च होतो त्या ओळी: 01 वेतन, 11 देशांतर्गत प्रवास खर्च, 13 कार्यालयीन खर्च, 24 पेट्रोल, तेल व वंगण, 51 मोटार वाहने.

लोक एकूण तरतूद बघतात आणि वाढली म्हणून खूश होतात. वेतन आयोगानं, महागाई भत्त्यानं वेतनाची ओळ आपोआप फुगते. तुम्ही 11 आणि 24 बघा. अधिकारी कार्यालयाबाहेर पडणार आहे की नाही हे त्या दोन ओळी सांगतात. आणि मंजूर तरतूद वेगळी, प्रत्यक्षात वितरित झालेली वेगळी. डिसेंबरनंतर सुधारित अंदाज करताना कात्री लागते ती अशाच ओळींना, कारण पगार कापता येत नाहीत. ‘बीम्स’ या सरकारी संकेतस्थळावर निधी वितरण दिसतं. जिल्हा कार्यालयाचा तपशील मात्र माहितीच्या अधिकारात मागावा लागेल.

दुसरं, पीएफ कार्यालयाशी तुलना करा. पीएफ संघटना सरकारच्या अंदाजपत्रकाकडे डोळे लावून बसत नाही. मालक कामगारांच्या वेतनावर 0.5 टक्के प्रशासकीय शुल्क वेगळं भरतात आणि त्यावर संघटनेचा कारभार चालतो. म्हणून त्यांच्याकडे निदान संगणक, अधिकारी, वसुलीची यंत्रणा आहे. किमान वेतनाच्या अंमलबजावणीला असा स्वतःचा झरा नाही. बांधकाम कामगार कल्याण मंडळाचा विचार कराल तर तिथे बांधकाम खर्चाच्या 1 टक्का उपकर जमतो, पण कायद्यानंच प्रशासकीय खर्चावर 5 टक्क्यांची मर्यादा घातली होती. ते चांगलंच, नाहीतर सगळं पगारात गेलं असतं. तरी 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं जे नोंदवलं ते वाचून वाईट वाटतं. देशभरात 37,400 कोटींहून जास्त उपकर जमला आणि खर्च झाले साधारण 9,500 कोटी. पैसा असून कामगारापर्यंत न पोचण्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

फ्रीमाँटकर

मूळ सोलापूरचा, सध्या कॅलिफोर्नियात. इथला एक प्रकार सांगतो. 2004 पासून इथे एक कायदा आहे, ज्यात सरकारी यंत्रणेला वेळ नसेल तर कामगार स्वतः राज्याच्या वतीनं मालकावर दंडाचा दावा लावू शकतो. दंडाचा वाटा आधी 75 टक्के राज्याच्या कामगार यंत्रणेला आणि 25 टक्के कामगारांना असा होता, 2024 च्या दुरुस्तीनंतर तो 65 आणि 35 झाला. राज्याचा वाटा कामगार कायद्यांच्या अंमलबजावणीसाठी आणि जनजागृतीसाठीच वापरायचा असतो. मालकांची त्यावर भरपूर टीका आहे, वकिलांचंच फावतं म्हणतात. पण मजुरी बुडवणाऱ्याच्या दंडातून निरीक्षकाचा पगार निघावा हा विचार आपल्याकडेही करण्यासारखा वाटतो.

होटगीरोड_वकील

@फ्रीमाँटकर, आपल्याकडे दंड सरकारी तिजोरीत जातो. सामाजिक सुरक्षा संहितेत, गुन्हा तडजोडीनं मिटवताना भरलेल्या रकमा असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत टाकायची तरतूद आहे, म्हणजे तोही पुन्हा कल्याणाकडेच. धागाकर्तीचा मुद्दा इथेही लागू पडतो.

आता कायद्याची ताजी स्थिती. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. 1948 चा किमान वेतन कायदा वेतन संहितेत आणि 1966 चा विडी कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झालाय. निरीक्षकाचं नाव आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’. त्यानं मालकाला सल्लाही द्यायचा आणि तपासणीही करायची. कारखान्याच्या व्याख्येत वीज असेल तर 10 ऐवजी 20 कामगार, वीज नसेल तर 20 ऐवजी 40 अशी मर्यादा वर गेली आहे. पूर्वभागातले किती माग या एका बदलानं बाहेर पडतील याचा विचार करा.

पण संहितेत कामगाराच्या फायद्याचंही बरंच आहे आणि ते वापरलं पाहिजे. जुन्या कायद्यात कमी मजुरीचा दावा सहा महिन्यांत लावावा लागे, आता तीन वर्षांपर्यंत लावता येतो. दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्यानं तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा आहे. थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. सगळ्यात मोलाचं म्हणजे मजुरी दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. विडीवाल्या बाईकडे कागद नसतो, त्यामुळे तिच्यासाठी हे फार मोठं आहे. दावा ती स्वतः लावू शकते, युनियन लावू शकते, निरीक्षकही लावू शकतो. दंडही जुन्या कायद्यातल्या पाचशे रुपयांवरून पहिल्या वेळी 50,000 पर्यंत गेलाय.

फक्त हे सगळं ज्या टेबलावर जाऊन पडणार ते टेबल तेच, भीमाकाठ यांनी वर्णन केलेलं. तीन महिन्यांची मुदत कागदावर छान दिसते. प्राधिकाऱ्याकडे लघुलेखक नसेल तर निकाल लिहिणार कोण?

1982 च्या एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणं ही घटनेच्या कलम 23 खाली वेठबिगारीच ठरवली. किरकोळ दंड करून सोडून दिलं तर कामगार कायदे पाळलेच जाणार नाहीत, असंही त्यात बजावलंय. मूलभूत हक्काची अंमलबजावणी सरकार ‘निधी नाही’ म्हणून टाळू शकत नाही. आपल्या निवेदनात हा मुद्दा सगळ्यात वर घ्या.

शिवणकाम_सोलापूर

मी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात आहे. नगावर पैसे. सीझनला रात्री नऊपर्यंत थांबवतात, जास्तीचे पैसे वेगळे नाहीत. तक्रार केली तर दुसऱ्या दिवशी मशीन मिळत नाही. वकील करायला पैसे कुठून आणायचे? आमच्यासारख्यांनी काय करायचं ते सांगा.

होटगीरोड_वकील

@शिवणकाम_सोलापूर ताई, जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे महिलांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. औद्योगिक कामगार म्हणूनही तुमचा वेगळा हक्क आहे. साधा अर्ज पुरतो. एकटीनं तक्रार करू नका, चार-सहा जणींनी मिळून किंवा युनियनच्या नावानं करा. आणि आजपासून रोज किती नग शिवले, किती वाजता सुटलात हे घरी वहीत तारखेसह लिहायला लागा. ती वही पुढे पुरावा म्हणून कामाला येते.

साईबाबाचौक

विडीच्या बायकांनाही ही वही सांगायला हवी. छाट किती, पान किती मिळालं, बाजारातून किती आणलं. लिहिता येत नाही तिच्या नातीनं लिहावं.

पूर्वभाग

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीचा नमुना मराठी आणि तेलुगूत मी तयार करते. रकाने चारच ठेवते म्हणजे भरायचा कंटाळा येणार नाही: मिळालेलं पान, दिलेल्या विड्या, छाट, कार्डातली नोंद.

माहिती अधिकाराचा अर्ज असा लिहिलाय, बघा. सहायक कामगार आयुक्त कार्यालय, सोलापूर यांच्या जन माहिती अधिकाऱ्याला: “गेल्या तीन आर्थिक वर्षांत, वर्षनिहाय, आपल्या कार्यालयाला प्रवास खर्च आणि पेट्रोल, तेल व वंगण यांसाठी मिळालेली व खर्च झालेली रक्कम; तपासणीचे अधिकार असलेली मंजूर, भरलेली व रिक्त पदे; कार्यालयाकडील वाहनांची संख्या; विडी कारखान्यांच्या झालेल्या तपासण्या, त्यातून दाखल झालेले कमी मजुरीचे दावे आणि कामगारांना प्रत्यक्ष मिळालेली रक्कम.” याच्या उत्तरावरून निवेदन तयार करू आणि अधिवेशनाआधी शहरातल्या सगळ्या आमदारांना देऊ, पक्ष न बघता. हा प्रश्न विधानसभेत तारांकित म्हणून यायला पाहिजे.

अंदाजपत्रक

चांगला आहे. दोन सूचना. महाराष्ट्राच्या नियमानं अर्ज 150 शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा. तुमच्या मसुद्यात पैसा आणि तपासण्या दोन्ही आहेत, नाकारायला निमित्त मिळेल. दोन वेगळे अर्ज करा, प्रत्येकावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर लगेच पहिलं अपील, तिथे चालढकल करू नका. आणि ‘मिळालेली रक्कम’ याऐवजी ‘मागणी केलेली, मंजूर झालेली, प्रत्यक्ष वितरित झालेली’ असे तीन आकडे मागा. कार्यालयानं मागितलंच नव्हतं की मागूनही वरून दिलं नाही, हे त्यावरून कळेल. जाब कुणाला विचारायचा ते त्यावर ठरेल.

भीमाकाठ

तपासण्यांच्या अर्जात एक ओळ घाला: ‘नोंदणी नसलेले कारखाने शोधून काढण्यासाठी केलेल्या तपासण्या’. हा आकडा वेगळा मागितला नाही तर एकूण बेरजेत लपतो.

टॉवेलवाला

मग यंत्रमागाचा तिसरा अर्ज करा, ती ओळ त्यात आधी घाला. त्या अर्जावर अर्जदार म्हणून माझं नाव चालेल. स्टँप मी आणतो.